राणीने सहीच केली नाही तर?

फाशीची शिक्षा कायम झाली की काही महिन्यांनी वर्तमानपत्रात एक बातमी हमखास येते: दयेचा अर्ज राष्ट्रपतींकडे. मग चहाच्या टपरीवर दोन प्रश्न निघतात. पहिला, ‘एवढ्या सह्या गोळा करून काही होतं का हो?’ दुसरा, ‘राष्ट्रपतींच्या मनात आलं तर ते सोडू शकतात का?’

दोन्ही प्रश्नांची उत्तरे शोधायला एका अनपेक्षित देशात जावे लागते. नेदरलँड्सने शांतताकाळातली देहदंडाची शिक्षा १८७० मध्येच रद्द केली होती. तरीही दयेच्या अर्जावरून या देशात जे रणकंदन झाले, तसे फाशी देणाऱ्या देशांतही क्वचितच झाले असेल. त्यातही गंमत अशी की एकदा डच लोक दया मागणाऱ्या बाजूला होते, आणि एकदा ते हजारोंच्या संख्येने ‘दया दाखवू नका’ म्हणून रस्त्यावर उतरले.

१. उधारीच्या वहीतली रेघ

आधी दया म्हणजे काय ते पाहू, कारण पुढचा सगळा घोटाळा तिथेच होतो.

गावातल्या वाण्याच्या वहीत एका शेतकऱ्याच्या नावावर उधारी आहे. शेतकऱ्याला वाटते की आकडा चुकला. तो वही उघडायला लावतो, बेरीज पुन्हा करायला लावतो. हे झाले अपील. दुसऱ्या वर्षी पाऊस पडत नाही. शेतकरी येतो आणि म्हणतो, ‘आकडा तुमचा बरोबर आहे, पण यंदा सोडा.’ वाणी आकड्यावर रेघ मारतो. ही झाली दया. रेघ मारल्याने उधारी घेतलीच नव्हती असे होत नाही. नाव आणि आकडा रेघेखाली वाचता येतातच. वाण्याला हवे तर तो अर्धीच रक्कम सोडेल. मृत्युदंडाची जन्मठेप होते ती अशी.

दुसरा फरक अधिक महत्त्वाचा. कोर्टात तिऱ्हाईत माणूस बोलायला उभा राहिला तर ‘तुमचा काय संबंध?’ असे विचारून त्याला खाली बसवतात. दयेच्या टेबलावर मात्र कुणाचेही पत्र चालते: आईचे, शेजाऱ्याचे, धर्मगुरूचे, परक्या देशाच्या सरकारचे. सह्यांच्या मोहिमांना जागा मिळते ती याच फटीतून. नेदरलँड्सच्या राज्यघटनेत तर सरकारकडे लेखी अर्ज करण्याचा हक्क मूलभूत हक्कांमध्येच आहे.

पण पत्र चालते आणि पत्राने काम होते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

२. लायडनचा गवंडी

मारिनुस व्हान डेर लुबे हा १९०९ मध्ये लायडन गावी जन्मलेला गवंडी. कामावर डोळ्यांत चुना गेल्याने त्याची दृष्टी अधू झाली आणि तुटपुंज्या भत्त्यावर जगायची वेळ आली. डोक्यात डाव्या चळवळीचे वारे. १९३३ च्या सुरुवातीला तो बहुतेक वाट पायी तुडवत बर्लिनला पोचला. २७ फेब्रुवारीच्या रात्री जर्मन संसदेची इमारत, राइशस्टाग, पेटली आणि हा चोवीस वर्षांचा तरुण आतच सापडला. आग आपण लावली, एकट्याने लावली, असे तो अखेरपर्यंत सांगत राहिला. ते खरे होते का, यावर इतिहासकारांचे आजही एकमत नाही.

आग लागली तेव्हा जर्मन कायद्यात अशा जाळपोळीला मृत्युदंड नव्हता. हिटलरच्या सरकारने ती शिक्षा दुसऱ्या दिवशीच्या फर्मानाने आणली आणि २९ मार्चला नवा कायदा करून ती मागच्या तारखेपासून लागू केली. सकाळी रस्त्याकडेला स्कूटर लावावी, संध्याकाळी तिथे ‘नो पार्किंग’ची पाटी ठोकावी आणि दंडाची पावती सकाळची फाडावी, तसला हा प्रकार. फरक एवढाच की इथे दंड मानेचा होता.

लाइपझिगच्या खटल्यात पाच आरोपी होते. त्यांपैकी बल्गेरियन कम्युनिस्ट गेऑर्गी दिमित्रॉव याच्यासाठी जगभर सभा झाल्या, निषेधाचे ठराव झाले, लंडनमध्ये कायदेपंडितांनी एक समांतर चौकशी भरवली. लुबेच्या वाट्याला यातले फारसे काही आले नाही. उलट कम्युनिस्टांनी काढलेल्या गाजलेल्या ‘तपकिरी पुस्तका’त त्याला नाझींच्या हातचे बाहुले ठरवले होते. त्याची बाजू मांडायला उरली ती हॉलंडमधली काही मित्रमंडळी. त्यांनी त्याची पत्रे आणि ओळखीच्यांच्या जबान्या गोळा करून उत्तरादाखल ‘लाल पुस्तक’ छापले. लोकमताला दयाळू म्हणण्याआधी हा प्रसंग आठवावा. लोक कुणासाठी सह्या करतात हे बऱ्याचदा तो माणूस कुणाचा यावर ठरते, आणि लुबे कुणाचाच नव्हता.

२३ डिसेंबर १९३३ रोजी बाकी चौघे सुटले आणि लुबेला मृत्युदंड झाला. डच सरकारने वकिलातीमार्फत दयेची विनंती केली. वृद्ध राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांनी ती फेटाळली. १० जानेवारी १९३४ च्या सकाळी लाइपझिगमध्ये त्याचा शिरच्छेद झाला. तीन दिवसांनी तो पंचवीस वर्षांचा झाला असता. मृतदेह मायदेशी नेऊ देण्याची विनंतीही मान्य झाली नाही. तिथल्याच स्मशानभूमीत त्याला पुरले.

पुढे वाण्याची वही मात्र पुन्हा उघडली गेली. १९६७ मध्ये बर्लिनच्या कोर्टाने त्याची शिक्षा घटवून आठ वर्षांची केली. माणूस जाऊन तेहतीस वर्षे झाली होती! डिसेंबर २००७ मध्ये, नाझी काळातले अन्यायी निकाल पुसणाऱ्या कायद्याखाली, ती शिक्षा पूर्णच रद्द झाली. ही दया नव्हे. दयेत आकडा रेघेखाली तसाच राहतो. इथे आकडाच खोडला गेला.

३. फाशी नसलेल्या देशात बंदुका

स्वतःच्या माणसासाठी दया मागणाऱ्या या देशापुढे दहा-बारा वर्षांत उलटा प्रश्न येऊन उभा राहिला.

मे १९४० मध्ये जर्मनीने नेदरलँड्स गिळला. राणी विल्हेल्मिना आणि सरकार लंडनला गेले. डिसेंबर १९४३ मध्ये या परागंदा सरकारने एक खास फर्मान काढले आणि युद्धगुन्हे व देशद्रोह यांसाठी मृत्युदंड परत आणला. युद्ध संपल्यावर खास न्यायालये बसली. त्यांनी सुमारे दीडशे जणांना मृत्युदंड सुनावला. प्रत्यक्षात गेले ते चाळीसच्या आसपास. म्हणजे चारांतले जवळजवळ तिघे दयेवर वाचले, आणि तेही बहुतेक वेळा गाजावाजा न होता. न्यायालयाचा अभिप्राय, मंत्रालयाचा शेरा, राणीची सही, फाइल बंद.

(मराठीत आपण देहदंडाला सरसकट फाशी म्हणतो. इथे दोर नव्हता, बंदुका होत्या.)

डच नाझींचा पुढारी आन्टोन मुसर्ट याला ७ मे १९४६ रोजी द हेगजवळच्या वाल्सडॉर्पच्या माळावर गोळ्या घातल्या. त्याच गावाबाहेरच्या या वाळूच्या टेकड्यांत जर्मनांनी अडीचशेहून अधिक लोकांना ठार केले होते. जागा तीच, फक्त बंदुकीपुढचा माणूस बदलला होता.

४. सही कुणाची, मर्जी कुणाची?

आता टपरीवरच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ.

गृहनिर्माण संस्थेच्या चेकवर अध्यक्षांची सही लागते. पैसे कशावर खर्च करायचे ते मात्र कमिटी ठरवते. अध्यक्ष म्हणू लागले की ‘मला हा रंग पसंत नाही, मी सही करणार नाही,’ तर नियमाने ते चूक. पण पेन त्यांच्या खिशात आहे, हेही खरेच.

नेदरलँड्सच्या घटनेत राजाला किंवा राणीला जाब विचारता येत नाही, जबाबदार मंत्री. प्रत्येक हुकमावर दोन सह्या लागतात, एक राणीची आणि एक मंत्र्याची. दयेचा निर्णयही असाच. भारतातही रचना फार निराळी नाही. घटनेच्या कलम ७२ नुसार दयेचा अधिकार राष्ट्रपतींचा, कलम १६१ नुसार राज्यपालांचा. पण तो मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच वापरायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये स्पष्ट केले. राष्ट्रपती सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवू शकतात, इतकेच. थोडक्यात, टपरीवरच्या प्रश्नाचे कागदावरचे उत्तर ‘नाही’ असे आहे.

पेनाचे काय? इथे विली लागेस येतो.

हा जर्मन पोलीस अधिकारी अ‍ॅमस्टरडॅममधल्या सुरक्षा पोलिसांचा प्रमुख होता. ज्यूंची रवानगी करणारी कचेरीही त्याच्याच हाताखाली चाले. नेदरलँड्समधल्या सुमारे १,४०,००० ज्यूंपैकी लाखाहून अधिक परत आले नाहीत. भूमिगत चळवळीतली लाल केसांची विद्यार्थिनी हानी शाफ्ट हिला देश मुक्त व्हायला तीन आठवडेही उरले नसताना, १७ एप्रिल १९४५ रोजी, समुद्राकाठच्या टेकड्यांत मारले, तेव्हा ती लागेसच्याच यंत्रणेच्या ताब्यात होती. १९४९ मध्ये लागेसला मृत्युदंड झाला. पुढच्या वर्षी वरच्या न्यायालयाने तो कायम केला. फाइल दयेच्या टेबलावर आली.

तोवर राणी बदलली होती. सप्टेंबर १९४८ मध्ये विल्हेल्मिनाने कन्या युलियाना हिच्या हाती राज्य सोपवले होते. युलियाना मनाने धार्मिक, हळवी, आणि मृत्युदंडाच्या विरोधातली. तरी तिच्या कारकिर्दीत बंदुका थांबल्या नव्हत्या. मार्च १९४९ मध्ये नेदरलँड्समधला सर्वोच्च एसएस अधिकारी हान्स राउटर गेला. २१ मार्च १९५२ रोजी आणखी दोघांना गोळ्या घातल्या, आणि या देशातला तो शेवटचा देहदंड ठरला. म्हणून युलियाना तत्त्वाला चिकटून राहिली असे म्हणून मोकळे होता येत नाही. कुठेतरी तिची सहनशक्ती संपली, आणि ती संपली नेमकी लागेसच्या फाइलीवर. मंत्र्यांचे म्हणणे, शिक्षा अमलात आणावी. राणीचे म्हणणे, मी सही करणार नाही.

वर्ष-दोन वर्षे फाइल पडून राहिली. सरकारपुढे मार्ग दोनच होते. राणीशी उघड भांडण करून घटनात्मक पेच ओढवून घ्यायचा, किंवा हा निर्णय आमचाच म्हणून गिळायचा. सप्टेंबर १९५२ मध्ये सरकारने गिळला. लागेसची शिक्षा जन्मठेपेवर आली.

युलियानाचे चुकले का? घटनेच्या चौकटीत पाहिले तर चुकले, यात शंका नको. निवडून न आलेल्या व्यक्तीने निवडून आलेल्यांना अडवले. पण मृत्युदंडाच्या कागदावर माणसाची सही मागायची आणि त्या माणसाला मन नसेल असे गृहीत धरायचे, ही अपेक्षाही विचित्रच आहे. केवळ शिक्का हवा होता तर शिक्काच ठेवायचा होता.

५. दया नको म्हणणारे

बातमी फुटली आणि अ‍ॅमस्टरडॅममध्ये हजारो लोक रस्त्यावर आले. भूमिगत लढ्यातले जुने कार्यकर्ते, छळछावण्यांतून परतलेले, ज्यांच्या घरातून पाच-पाच माणसे गेली असे. निवेदने आली, ठराव आले, संसदेत वादळ झाले. न्यायमंत्री डोंकर यांनी सगळा मारा अंगावर घेतला.

राणीकडे बोट दाखवायची त्यांना मुभा नव्हती. राजा आणि मंत्री यांच्यात काय बोलणे झाले ते बाहेर सांगायचे नाही, असा डच राज्यव्यवहाराचा पक्का दंडक आहे. त्यामुळे कुजबुज चालू, खरी गोष्ट गुलदस्त्यात, आणि लोक ज्याच्यावर चिडले होते त्याने मूळ निर्णय घेतलाच नव्हता, असे त्रांगडे झाले.

याच काळातली आपल्याकडची गोष्ट आठवते. १९४९ मध्येच, नथुराम गोडसे आणि नारायण आपटे यांची फाशी कायम झाल्यावर दयेची विनंती करणाऱ्यांत गांधीजींचे पुत्र मणिलाल आणि रामदास होते. ज्यांचा बाप मारला गेला, तेच दया मागत होते. गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींकडून दया मिळाली नाही आणि १५ नोव्हेंबरला अंबाल्याच्या तुरुंगात फाशी झाली. अ‍ॅमस्टरडॅमला चित्र नेमके उलटे: राज्य दया देते आहे आणि ज्यांची माणसे गेली ते नको म्हणताहेत. मग दयेच्या टेबलावर जास्त वजन कुणाच्या कागदाला? कायद्यात याचे उत्तर लिहिलेले नाही. ना दिल्लीच्या, ना हेगच्या.

६. तीन महिन्यांची रजा

लागेससह चार जर्मन ब्रेडा गावच्या घुमटाकार तुरुंगात जन्मठेप भोगू लागले. बाकीचे तिघे म्हणजे आमर्सफोर्ट छावणीतला क्रूर पहारेकरी योसेफ कोटाला, हेगमध्ये ज्यू हुडकणारा फ्रान्झ फिशर आणि अ‍ॅमस्टरडॅममधली रवानगी हाताळणारा फेर्डिनांड आउस डेर फ्युन्टेन. चौघांनाही मूळ शिक्षा मृत्यूचीच होती. ‘ब्रेडाचे चौघे’ हे डच भाषेतले नावच होऊन गेले.

जून १९६६ मध्ये लागेस गंभीर आजारी पडला. न्यायमंत्री साम्काल्डेन यांनी त्याची शिक्षा तीन महिन्यांसाठी स्थगित केली, म्हणजे आपल्याकडच्या पॅरोलसारखी रजा दिली. तो जर्मनीत गेला, शस्त्रक्रिया झाली, बरा झाला, आणि परत आलाच नाही. जर्मनी स्वतःच्या नागरिकाला परदेशाच्या हवाली करत नसे. मरायला टेकलेला हा माणूस पुढे जवळजवळ पाच वर्षे जगला. एप्रिल १९७१ मध्ये वारला.

या फसवणुकीची सल पुढच्या प्रत्येक वादात बोलत राहिली.

७. टीव्हीवरची दया

फेब्रुवारी १९७२. न्यायमंत्री द्रीस व्हान आख्त यांनी जाहीर केले की उरलेल्या तिघांना सोडण्याचा आपला विचार आहे. त्यांचे म्हणणे तर्काला धरून होते. मृत्युदंडाची जन्मठेप केली, ती आता पंचवीसेक वर्षे भोगून झाली. या वयात त्यांना डांबून शिक्षेचा कुठला हेतू साधतो?

कागदावर हा मामला तिथेच संपायला हवा होता, कारण दयेचा अधिकार संसदेचा नाहीच. पण संसदेच्या समितीने २४ फेब्रुवारीला जाहीर सुनावणी ठेवली आणि ती दूरचित्रवाणीवर दाखवली गेली. छावण्यांतून वाचलेले लोक पुढे येऊन बोलले. सत्तावीस वर्षे ज्यांनी मुलाबाळांनाही काही सांगितले नव्हते, रात्री दचकून उठायचे आणि सकाळी कामावर जायचे, त्यांचे दुःख त्या दिवशी घराघरांत पोचले. मनोविकारतज्ज्ञ यान बास्टियान्स छावण्यांतून आलेल्यांच्या या त्रासाला आधीपासून ‘छावणीचा आजार’ म्हणत होते; आता सामान्य डच माणसाला तो शब्द कळला.

इथे थोडे थांबायला हवे. दयेचा अर्ज तिघांविषयी होता. पण प्रत्यक्षात सुनावणी झाली ती पीडितांची, आणि तीही पहिल्यांदाच. १९४९ च्या खटल्यांत कागदपत्रे आणि हुकूम तपासले गेले होते. उरलेल्या आयुष्याचे काय झाले हे कुणी विचारले नव्हते. नको असलेल्या दयेनेच तो प्रश्न विचारला. पुढच्याच वर्षी छळपीडितांना भत्ता देणारा कायदा आला आणि त्यांच्या उपचारांसाठी ‘सेंट्रुम ४५’ ही खास संस्था उभी राहिली.

२९ फेब्रुवारीला संसदेत चर्चा झाली. प्रेक्षकसज्जा भरलेला होता. मजूर पक्षाचे योप व्होख्ट यांनी मांडलेला, तिघांना सोडू नये असा ठराव ८५ विरुद्ध ६१ मतांनी मंजूर झाला. ठराव कायद्याने बंधनकारक नव्हता. व्हान आख्त यांनी तरीही माघार घेतली. वीस वर्षांपूर्वी एका राणीच्या पेनाने मंत्र्यांना अडवले होते; आता लोकांच्या अश्रूंनी अडवले. टपरीवरच्या पहिल्या प्रश्नाचे, सह्यांनी काही होते का याचे, याहून ठळक उत्तर सापडणे कठीण. होते. फक्त इथे सह्यांचे माप उलट्या पारड्यात पडले होते.

कोटाला १९७९ मध्ये ब्रेडाच्या तुरुंगातच मेला. राहिले दोघे, आणि त्यांचे वय वाढत गेले. भारतात दयेच्या फाइलीला झालेला उशीर हेच शिक्षा घटवण्याचे कारण ठरू शकते. कोल्हापूरच्या बालहत्याकांडातल्या दोघी बहिणींची फाशी मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये त्याच कारणाने जन्मठेपेवर आणली. ब्रेडाच्या दोघांच्या डोक्यावर मृत्यूची टांगती तलवार नव्हती, पण काळाचा मुद्दा तिथेही वरचढ होत गेला. काही नामवंत डच नागरिकांनी आता सोडा असे सरकारला लेखी कळवले. १९८९ च्या जानेवारीत न्यायमंत्री कोर्टहाल्स आल्टेस यांनी निर्णय घेतला. संसदेत पुन्हा कडवट चर्चा झाली, पण या वेळी विरोधाला बहुमत मिळाले नाही.

२७ जानेवारी १९८९ रोजी दोन म्हातारे ब्रेडाच्या तुरुंगातून बाहेर पडले आणि सीमेपार जर्मनीत पोचवले गेले. देशात परत पाऊल ठेवायची त्यांना बंदी होती. आउस डेर फ्युन्टेन एप्रिलमध्ये मेला, फिशर सप्टेंबरमध्ये. योगायोग म्हणजे सुटकेची तारीख बरोबर आउशविट्झ छावणी मुक्त झाली त्या दिवसाची होती, आणि दया नको म्हणणाऱ्यांपैकी अनेकांची माणसे त्याच छावणीत गेली होती.